कोच गेल्यावर काय उरतं? विदर्भाच्या 2017-18 च्या सीझनची गोष्ट

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा बसमध्ये बसल्यावर हेडफोन घरीच राहिले असं कळलं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित मजकूर. बोलताना झालेले "अं, म्हणजे" काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजची गोष्ट 21 डिसेंबर 2017 च्या सकाळपासून सुरू करतो. मी तेव्हा नागपुरात इंजिनीअरिंग करत होतो. समोर फाईल उघडी, पण डोळे मोबाईलवर. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर रणजी ट्रॉफीची सेमीफायनल सुरू होती, विदर्भ विरुद्ध कर्नाटक, पाचवा दिवस. दर मिनिटाला स्कोअर रिफ्रेश करत होतो. तेवढ्यात सावनेरहून काकांचा फोन.

"काय झालं रे बाबू?"

"काका, त्यांना 87 पाहिजेत. आपल्याला तीन विकेट."

"मंग गेलीच म्हण ना बे."

आणि फोन ठेवला. तीन विकेट हव्यात, समोरच्याला 87 धावा करायच्यात, म्हणजे मॅच आपल्या बाजूला झुकलेली आहे. तरी काकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "गेलीच." हा शब्द लक्षात ठेवा. आजचा सगळा एपिसोड या एका शब्दाभोवती फिरणार आहे. एका टीमला नवा कोच मिळतो, पहिल्याच सीझनमध्ये ती टीम 60 वर्षांत झालं नाही ते करून दाखवते. मग ते श्रेय कोचचं का? आणि कोच निघून गेला की मागे काय राहतं?

आधी थोडं मागे जाऊ

बाहेरच्या मित्रांना एक गोष्ट नेहमी समजावून सांगावी लागते. महाराष्ट्र एकच राज्य, पण रणजीत त्याच्या टीम तीन. मुंबईची वेगळी, पुण्यातून चालणारी महाराष्ट्राची वेगळी आणि नागपूरची विदर्भ वेगळी. याचं कारण इतिहासात आहे. आमचा भाग आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. नकाशे बदलले, पण क्रिकेटची घडी वेगळीच राहिली. विदर्भ म्हणून आपली टीम रणजीत उतरली 1957-58 च्या सीझनला.

आणि मग? मग फारसं काही नाही. खरंच. मुंबई ट्रॉफ्या मोजत होती, 2016 पर्यंत 41 झाल्या होत्या. आपल्या खात्यावर शून्य. ट्रॉफी सोडा, एकदाही फायनल नाही. 2000 नंतर रणजीत एलीट आणि प्लेट असे दोन थर आले, तेव्हा विदर्भ बराच काळ खालच्या प्लेटमध्येच होता. कोणी चांगला खेळला की लोक म्हणायचे, "मुंबईत असता तर इंडिया खेळला असता." कौतुकच होतं ते, पण त्यात हारही आधीच मान्य केलेली होती.

सावनेरच्या पोरांना हे जास्त जवळून माहीत आहे. मराठीच्या पुस्तकात आमच्या गावाचं नाव येतं ते राम गणेश गडकऱ्यांमुळे, 1919 च्या जानेवारीत त्यांनी इथे शेवटचा श्वास घेतला. पण आमच्या पिढीला सावनेर तालुक्याचा हिरो विचाराल तर उत्तर एकच, उमेश यादव. खापरखेड्याजवळ वलनी नावाचं कोळसा खाणीचं गाव आहे. वडील खाणीत कामाला. पोरगं टेनिस बॉलवर जीव तोडून बॉलिंग करायचं. सैन्यात प्रयत्न केला, पोलिसात प्रयत्न केला, दोन्हीकडे जमलं नाही. कॉलेजच्या टीममध्ये खेळायला गेला तर सांगण्यात आलं की तू कुठल्या क्लबकडून खेळलेला नाहीस, म्हणजे जागा नाही. मग विदर्भ जिमखान्याकडून लेदर बॉल हातात आला. 2008 मध्ये रणजी पदार्पण, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये भारताकडून टेस्ट. विदर्भाचा पहिला टेस्ट खेळाडू.

विचार करा, 1957 ला टीम सुरू झाली आणि पहिला टेस्ट प्लेअर मिळाला 2011 ला. तोही असा, ज्याला कॉलेजच्या टीमनं घेतलं नव्हतं. टॅलेंट नव्हतं असं नाही. टॅलेंट शोधून वरपर्यंत नेणारा रस्ताच नव्हता.

रस्ता कोच येण्याआधीच बांधायला घेतला होता

इथे मी स्वतः बरीच वर्षं चुकत होतो. माझ्या डोक्यात साधी गोष्ट होती. 2017 ला चंद्रकांत पंडित आले, छडी फिरवली, टीम जिंकली. सिनेमासारखं. या एपिसोडसाठी जुने स्कोअरकार्ड आणि बातम्या नीट वाचल्या तेव्हा कळलं की हे अर्धंच खरं आहे.

2008 मध्ये वर्धा रोडवर जामठ्याचं नवीन स्टेडियम सुरू झालं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे पहिली टेस्ट झाली, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया, सौरव गांगुलीची शेवटची टेस्ट. लोकांना स्टेडियम दिसलं. पण त्यासोबत विदर्भ क्रिकेट असोसिएशननं जी निवासी अकादमी उभी केली, ती फार कोणाला दिसली नाही. वेगवेगळ्या जिल्ह्यांतली पोरं एका जागी राहून वर्षभर सराव करू लागली.

दुसरं, बाहेरचे प्रोफेशनल खेळाडू. रणजीत प्रत्येक टीमला बाहेरून तीन खेळाडू घेता येतात. विदर्भानं कर्नाटकचा गणेश सतीश आणला. 2015-16 पासून मुंबईचा वसीम जाफर आला. जाफर म्हणजे रणजीच्या इतिहासातला सगळ्यात जास्त धावा करणारा माणूस. असा माणूस रोज नेटमध्ये तुमच्या बाजूला बॅटिंग करत असेल, तर विशी-बाविशीच्या पोराला ते बघूनच निम्मं शिक्षण मिळतं.

निकालही हळूहळू दिसायला लागले होते. 2014-15 आणि 2015-16, दोन्ही सीझनला विदर्भ क्वार्टर फायनलपर्यंत गेला. दोन्ही वेळा तिथेच थांबला. म्हणजे टीम खराब नव्हती. टीम दारापर्यंत जायची, दार वाजवायची आणि परत यायची.

नवा हेड कोच

आता पंडित सर. भारताकडून विकेटकीपर म्हणून 5 टेस्ट आणि 36 वनडे. रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. मुंबईचं ते खडूस क्रिकेट असतं ना, समोरच्याला सहज काहीही न देणारं, त्या शाळेतला माणूस. कोच म्हणून मुंबईला 2002-03, 2003-04 आणि 2015-16 ला रणजी जिंकून दिलेली. जानेवारी 2017 मध्ये मुंबई परत फायनलला गेली, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गुजरातकडून हरली. त्यानंतर मुंबईनं त्यांना कोच म्हणून ठेवलं नाही. लगेच एक फायनल आधी ट्रॉफी जिंकून दिलेला कोच, आणि घरी बसला. विदर्भानं फोन केला.

इथे एक प्रश्न येतो. क्रिकेटमध्ये कोच करतो तरी काय? फुटबॉलमध्ये सोपं आहे. तिथे मॅनेजर टीम निवडतो, डाव आखतो, साइडलाइनला उभा राहून ओरडतो, मध्येच खेळाडू बदलतो. अमेरिकेत तर कॉलेज फुटबॉलचा हेड कोच त्या गावात सगळ्यात प्रसिद्ध माणूस असू शकतो. क्रिकेटमध्ये मैदानावर मालक कॅप्टन. एकदा दोरीच्या आत गेलं की बॉलिंग चेंज, फील्ड, डिक्लेरेशन, सगळं त्याचं. म्हणून क्रिकेटच्या कोचचं खरं काम सीझन सुरू होण्याच्या आधी होतं, जेव्हा कॅमेरे नसतात. फिटनेस, वेळ पाळणं, रोज तेच कंटाळवाणं काम परत परत करणं, आणि मोठ्या नावालाही तोच नियम जो नवीन पोराला.

आम्ही ऑफिसमध्ये बघतो. नवा टेक लीड आला की दोन प्रकारचे असतात. एक येतो आणि म्हणतो, सगळा कोड फेकून द्या, मी नव्यानं लिहितो. दुसरा म्हणतो, कोड ठीक आहे, पण टेस्ट कोणी लिहिलेल्या नाहीत, आधी त्या लिहा. पंडित दुसऱ्या प्रकारचे. त्यांनी अकरा नवे खेळाडू आणले नाहीत. कॅप्टन फैझ फझल नागपूरचाच. 2016 मध्ये झिम्बाब्वेत भारताकडून एक वनडे खेळला होता, नाबाद 55 केल्या होत्या आणि परत कधी संधी मिळाली नाही. जाफर आणि सतीश आधीपासून होते. आदित्य सरवटे, अक्षय वखरे, अक्षय वाडकर, रजनीश गुरबानी, सगळे इथलेच. वीट-सिमेंट तेच, मिस्त्री नवा.

जाफर आणि फझल दोघांनीही नंतर पंडित सरांच्या शिस्तीला उघडपणे श्रेय दिलं आहे. पण ही शिस्त सगळ्यांना मानवते असंही नाही, हेही सांगायला हवं. पुढे पंडित आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सचे कोच झाले, तेव्हा काही परदेशी खेळाडूंना त्यांची पद्धत जड गेली, असं डेव्हिड वीसेनं जाहीरपणे सांगितलं होतं. कदाचित ज्यांना सगळं मिळालेलं असतं त्यांना अशी शिस्त काचते, आणि ज्यांना काहीच मिळालेलं नसतं त्यांना तीच आधार वाटते.

सीझन

2017-18 ला 28 टीम, सातच्या चार गटांत. विदर्भ डी गटात. रणजीत पॉइंटचा हिशेब असा: मॅच जिंकली तर 6, डावानं किंवा 10 विकेटनी जिंकली तर 7. ड्रॉ झाली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याला 3, दुसऱ्याला 1. या नियमामुळे कमी आत्मविश्वासाच्या टीमला एक सवय लागते. पहिल्या डावाची आघाडी घ्यायची, 3 पॉइंट खिशात टाकायचे आणि पुढे जोखीम घ्यायचीच नाही. हरत नाही, पण जिंकतही नाही.

त्या सीझनचा विदर्भ वेगळा खेळला. बंगालला त्यांच्या घरी, कल्याणीला जाऊन 10 विकेटनी हरवलं. 6 मॅचमध्ये 31 पॉइंट करून गटात पहिला नंबर. फझल एकामागे एक मोठे डाव खेळत होता, सीझन संपला तेव्हा त्याच्या 912 धावा झाल्या होत्या.

क्वार्टर फायनल सुरतला, समोर केरळ. हेच ते दार, जिथून टीम दोनदा परत आली होती. पहिल्या डावात विदर्भ 246, केरळ 176. जुना विदर्भ असता तर 70 ची आघाडी छातीशी धरून बसला असता. या विदर्भानं दुसऱ्या डावात 9 बाद 507 केल्या आणि मग केरळला 165 मध्ये गुंडाळलं. विजय 412 धावांनी.

आणि मग ईडन गार्डन्स. समोरचं कर्नाटक कसं होतं? क्वार्टर फायनलला त्यांनी मुंबईला, त्या 41 ट्रॉफीवाल्या मुंबईला, एक डाव आणि 20 धावांनी हरवलं होतं. तेही आपल्या नागपुरात. सेमीफायनलमध्ये विदर्भ पहिल्या डावात 185 ला ऑलआउट. कर्नाटक 301, एकट्या करुण नायरच्या 153. म्हणजे 116 ची पिछाडी.

इथे थोडं थांबा, कारण सगळा सीझन इथे अडकला होता. मॅच ड्रॉ झाली असती तर पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक फायनलला गेलं असतं. म्हणजे "हरायचं नाही" हा पर्यायच संपला होता. जिंकणं किंवा घरी जाणं, दोनच रस्ते. दुसऱ्या डावात विदर्भानं 313 केल्या. सगळ्यात मोठी खेळी गणेश सतीशची, 81, ज्या राज्यातून तो आला होता त्याच राज्याविरुद्ध. कर्नाटकला टार्गेट 198.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कर्नाटक 7 बाद 111. काकांचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

त्या सकाळी बॉल होता रजनीश गुरबानीच्या हातात. या पोराकडे सिव्हिल इंजिनीअरिंगची डिग्री आहे. आमच्या होस्टेलमध्ये त्या दिवशी सिव्हिलवाले असे फिरत होते जणू बॉलिंग त्यांनीच केली. कर्नाटकचे शेपटाचे बॅट्समन हट्टाला पेटले. 87 चे 60 झाले, 60 चे 40, मग 20, मग दहाच्या आत. मी स्कोअर रिफ्रेश करायचं बंद केलं होतं, हात थरथरत होता. मग एकदा केलं. कर्नाटक 192 ऑलआउट. विदर्भ 5 धावांनी विजयी. गुरबानी 68 धावांत 7, मॅचमध्ये 12 विकेट.

मी काकांना फोन लावला. "काका, जिंकलो!" तिकडे दोन सेकंद शांतता. मग, "खरं सांग बे." तीनदा विचारलं त्यांनी.

इंदूर, एक जानेवारी

फायनल दिल्लीशी, 29 डिसेंबरपासून, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. तेच मैदान, जिथे वर्षभरापूर्वी पंडित मुंबईचे कोच म्हणून फायनल हरले होते. आमचा उमेश सेमीफायनलला टीममध्ये होता, पण फायनलच्या वेळी तो भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला गेलेला. सगळ्यात मोठा बॉलर नाही, आणि समोर गौतम गंभीर, नितीश राणा.

पहिल्या दिवसअखेर दिल्ली 6 बाद 271, ध्रुव शोरी शतक करून उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीनं ओव्हरच्या शेवटच्या दोन बॉलवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनीला बोल्ड केलं, आणि पुढच्या ओव्हरच्या पहिल्या बॉलवर 145 वर खेळणाऱ्या शोरीला. तिन्ही बोल्ड! रणजी फायनलमधली ही फक्त दुसरी हॅट्ट्रिक. पहिली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, 1972-73 ची. दिल्ली 295 ऑलआउट, गुरबानी 59 धावांत 6.

नंतर विदर्भानं बॅटिंग केली, आणि मला ती हॅट्ट्रिकपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. फझल 67, जाफर 78. इथपर्यंत सीनिअर. मग विकेटकीपर अक्षय वाडकर 133, सरवटे 79, सिद्धेश नेरळ 74. खालच्या फळीनं दिल्लीला दमवून दमवून 547 पर्यंत नेलं. आघाडी 252. ही खडूस बॅटिंग आधी विदर्भाची ओळख नव्हती. दिल्ली दुसऱ्या डावात 280, टार्गेट फक्त 29. 1 जानेवारी 2018 ला, विजयी फटका 39 वर्षांच्या वसीम जाफरच्या बॅटमधून. मुंबईकडून आठ रणजी जिंकलेला माणूस, ही नववी, आणि आमची पहिली.

सावनेरच्या बस स्टँडजवळ फटाके फुटले. नवीन वर्षाचे उरलेले होते की खास आणलेले, माहीत नाही. आवाज सारखाच येतो.

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी ठरेल

सिनेमा इथे संपला असता. इतिहास पुढे चालतो.

पुढचा सीझन, 2018-19. एकदा जिंकणं नशीब म्हणता येतं, म्हणून दुसरा सीझन खरी परीक्षा. सेमीफायनल केरळशी वायनाडला. वलनीच्या उमेशनं पहिल्या डावात 7 आणि दुसऱ्या डावात 5 विकेट घेतल्या, मॅच दोन दिवसांत खलास. फायनल जामठ्याला सौराष्ट्राशी. सरवटेच्या मॅचमध्ये 11 विकेट, चेतेश्वर पुजारा 1 आणि 0. विदर्भ 78 धावांनी विजयी. लागोपाठ दोन.

आणि मग 2019-20. तोच कोच, जवळपास तीच टीम, आणि नॉकआउटलाही पोचलो नाही. "पंडित म्हणजे जादू" म्हणणाऱ्यांनी हे वर्षही मोजायला हवं. मार्च 2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले. तिथे 2022 मध्ये मध्य प्रदेशला त्यांची पहिली रणजी मिळाली, तीही फायनलमध्ये मुंबईला हरवून. बंगळुरूच्या ज्या चिन्नास्वामी स्टेडियमवर 1998-99 ला ते स्वतः मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून फायनल हरले होते, त्याच मैदानावर. माणसात दम आहे, यात वाद नाहीच.

पण इकडे आपलं काय झालं? 2021-22 ला नॉकआउट नाही. 2022-23 ला नाही. लोक म्हणू लागले, बघा, कोच गेला, टीम गेली. काकांचा "गेलीच" परत आला.

तरी त्याच पडत्या सीझनमध्ये, जानेवारी 2023 मध्ये, जामठ्याला एक मॅच झाली. विदर्भ पहिल्या डावात 74 ऑलआउट. गुजरातला शेवटी जिंकायला फक्त 73 धावा हव्या होत्या. विदर्भानं त्यांना 54 ला ऑलआउट केलं. रणजीच्या इतिहासात इतकं कमी टार्गेट कोणीच वाचवलं नव्हतं. सरवटेच्या 17 धावांत 6 विकेट, आणि दुसऱ्या टोकाला हर्ष दुबे नावाचा एक नवीन पोरगा. 73 चं टार्गेट असताना मैदानात उतरताना तुमच्या मनात "गेलीच" असेल, तर तुम्ही 54 ला ऑलआउट करू शकत नाही. पंडित सर तेव्हा नागपुरात नव्हते. ती सवय मात्र होती.

नवे कोच आले उस्मान घनी. विदर्भाकडूनच खेळलेले, घरचा माणूस. 2023-24 ला टीम फायनलला, वानखेडेवर मुंबईकडून हरली, पण 538 च्या टार्गेटमागे 368 पर्यंत गेली, आणि कॅप्टन वाडकरचं शतक. हाच वाडकर, इंदूरचा 133 वाला, आता कॅप्टन. 2024-25 ला सेमीफायनलमध्ये नागपुरातच मुंबईला 80 धावांनी हरवून हिशेब चुकता केला. मग जामठ्याला फायनल, समोर केरळ. दानिश मालेवार 153. करुण नायर 86 आणि 135, हो, तोच करुण नायर, ज्यानं ईडनवर आपल्याविरुद्ध 153 केल्या होत्या, त्या वेळी आपल्याकडे होता. आणि केरळकडून 79 करणारा कोण? आदित्य सरवटे! आपल्या पहिल्या दोन ट्रॉफींचा हिरो त्या वर्षी तिकडे गेलेला. हर्ष दुबेनं त्या सीझनला 69 विकेट घेतल्या, एका रणजी सीझनमधला विक्रम. मॅच ड्रॉ झाली, 379 विरुद्ध 342, पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ चॅम्पियन. तिसऱ्यांदा.

कोच बदलला, कॅप्टन बदलला, हिरो समोरच्या टीममध्ये गेला, तरी ट्रॉफी आली. म्हणून माझं मत असं बनलं आहे: 2017-18 ला पंडित सरांनी विदर्भाला ट्रॉफी दिली, पण ते त्यांचं सगळ्यात मोठं काम नाही. रस्ता आधीच बांधला जात होता. त्यांनी त्या रस्त्यावरून शेवटपर्यंत चालत जाता येतं, हे एकदा दाखवून दिलं. पहिल्यांदा दार उघडायला बाहेरचा हात लागला. नंतर घरच्या लोकांनी तेच दार स्वतः उघडलं. चांगल्या कोचचा हिशेब तो असतानाच्या निकालावर होत नाही, तो गेल्यावर पाच-सात वर्षांनी होतो.

हे फक्त क्रिकेटचं नाही. आमच्या भागातल्या पोरांना "आपल्याकडून होत नाही" हे कोणी शिकवत नाही, ते हवेतच असतं. कॉलेजच्या टीममध्ये जागा न मिळालेल्या खाणकामगाराच्या मुलापासून कागदावर सिव्हिल इंजिनीअर असलेल्या बॉलरपर्यंत, या लोकांनी ती हवा थोडी बदलली. पूर्ण नाही, पण थोडी नक्की.

शेवटी काकांचं सांगतो. 2 मार्च 2025 ला फायनल संपली तेव्हा मी फोन केला. मला वाटलं, खूश असतील.

"काका, तिसरी ट्रॉफी! अभिनंदन!"

"हो, पाहिलं. पण बाबू, ड्रॉ काहून केला? हरवूनच टाकायला पाहिजे होतं ना बे त्यांना!"

मी हसत हसत फोन ठेवला. 2017 मध्ये हा माणूस जिंकत आलेली मॅच "गेलीच" म्हणून सोडून देत होता. आता ट्रॉफी हातात असूनही त्याचं समाधान होत नाही.

तुमच्या गावातही असे "गेलीच" म्हणणारे काका असतील. त्यांना हा एपिसोड ऐकवा. भेटू पुढच्या आठवड्यात.